ना हरकत, पण…

दुसऱ्या महायुद्धात उरलेलं लष्करी सामान विकायचं आणि त्या पैशांतून देशोदेशींच्या विद्वानांची देवाणघेवाण करायची, ही अमेरिकी सिनेटर फुलब्राइट यांची कल्पना. कायदा १९४६ चा, भारताशी करार १९५० चा. २००८ मध्ये भारत बरोबरीचा भागीदार झाला आणि शिष्यवृत्तीच्या नावात नेहरूही आले.

युद्धसामान तिकडे विकलं गेलं. युद्ध मात्र आपल्याकडे सुरूच आहे. या शिष्यवृत्तीसाठीचा संशोधन प्रस्ताव पंधरवड्यात लिहून होतो, कॉलेजच्या 'ना हरकत' प्रमाणपत्राला मात्र हरकतीच हरकती. फाईल विभागप्रमुखांकडून प्राचार्यांकडे, तिथून वर. निघते 'योग्य मार्गाने', पोचते मुदत संपल्यावर. व्हिसा परवडला, पण आस्थापना विभागाचा शिक्का नको!

तरीही जो जाऊन येतो, त्याला व्हिसाच्या अटीनुसार दोन वर्षं मायदेशी काढावी लागतात. हेतू हा की, ज्ञान इथे झिरपावं. झिरपतंही, स्टाफरूममध्ये. 'तिकडची ग्रंथालयं मध्यरात्रीपर्यंत उघडी असतात' हे सर वर्षभर सांगतात. आपलं पाचला बंद होतं. किल्ली शिपाईमामांच्या खिशात.

थोडक्यात, घेवाण झाली. देवाणीसाठी अर्ज केलाय, योग्य मार्गाने.