संकेतस्थळाची किल्ली कमरेला लावून बसलेल्या साहेबांस



तुमचं नाव लिहीत नाही. नागपुरातल्या ज्या ज्या कॉलेजात तुम्ही बसता, तिथल्या शिक्षकांना आणि बाबूंना पत्र कुणाला आहे ते बरोबर कळेल.

माझ्या पानावर पदोन्नती चढवायची तर काय करावं लागतं, ते चार लोकांना कळू द्या. अर्ज दोन प्रतींत, विभागप्रमुखांची सही, तुमच्याकडे आवक क्रमांक, मजकूर पेनड्राइव्हवर. मग "एजन्सीचा पोरगा आला की टाकून देऊ". तो येतो तेव्हा अर्ज सापडत नाही. सापडला तर त्याचं वाकडं स्कॅन काढून, शेजारी लुकलुकणारं 'नवीन' लावून मुखपृष्ठावर टाकतो. माझ्या पानावर मी असिस्टंट प्रोफेसर तो असिस्टंट प्रोफेसरच.

तुम्हाला हा मानापानाचा प्रश्न वाटतो. नाही. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांत असिस्टंट प्रोफेसरला एका वेळी ४, असोसिएटला ६ आणि प्रोफेसरला ८ विद्यार्थी घेता येतात. गोंदियाची एक मुलगी वर्षभर गाईड शोधत फिरली. शेवटी भेटली तेव्हा म्हणाली, "सर, वेबसाइटवर तुमच्या नावापुढे असिस्टंट लिहून होतं. चार तर भरलेच होते, म्हणून मी आलीच नाही." माझ्याकडे दोन जागा रिकाम्या होत्या. तिचं वर्ष तुमच्या कपाटातल्या फायलीत गेलं, साहेब. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतली पोरं नागपूर विद्यापीठाच्या कॉलेजांत शिकतात. पाच ओळींच्या माहितीसाठी त्यांना पॅसेंजरचं तिकीट काढायला लावणं हा अन्याय आहे.

आणि हे फक्त शिक्षकांचं नाही. ग्रंथालयातल्या ताईंना दिवाळीच्या सुट्टीतल्या वेळा टाकायच्या असतात, वसतिगृहाच्या बाबूला प्रवेशाची मुदत. दोघंही दारावर कागद चिकटवतात, कारण तुमच्यापेक्षा डिंक लवकर काम करतो.

उपाय महागडा नाही. वर्डप्रेस २००३ पासून फुकट आहे. २०१० मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून त्याच्या एकाच मांडणीत शेकडो साइट चालवता येतात. जगभरची विद्यापीठं आपल्या शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना अशीच पानं देतात. साचा, रंग, बोधचिन्ह कॉलेजचं. आतला मजकूर ज्याचा त्याचा. नवीन प्लगइन बसवायचा अधिकार मुख्य प्रशासकाकडे, म्हणजे तुमच्याचकडे. कुणी भलतं लिहिलं तर त्याचं पान तुम्ही बंद करू शकता.

"सिक्युरिटीचं काय?" असं तुम्ही विचारता. आज अख्ख्या कॉलेजची साइट एका पासवर्डवर उभी आहे. तो तुमच्या मॉनिटरवरच्या पिवळ्या चिठ्ठीवर आहे आणि एजन्सी सोडून गेलेल्या पोरांनाही पाठ आहे. आधी त्याचं उत्तर द्या.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं 'विद्वान' पोर्टल देशभरातल्या प्राध्यापकांना आपली माहिती स्वतः भरू देतं. तिथे आमच्यावर विश्वास आहे. आमच्याच कॉलेजात मात्र आम्हाला आमचं पद लिहिता येत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सार्वजनिक संस्थांना अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी स्वतःहून प्रसिद्ध करायला आणि अद्ययावत ठेवायला सांगतं. तुमच्या यादीत निवृत्त झालेले तीन जण अजून 'कार्यरत' आहेत.

तुमच्या दाराशी थकून कित्येकांनी गूगल साइट्सवर संसार मांडला. गूगलने जुनी साइट्स बंद केली तेव्हा ज्यांनी वेळेत बिऱ्हाड हलवलं नाही, त्यांच्या नोट्स आणि प्रश्नसंच पोरांना दिसेनासे झाले. संस्थेने जागा दिली असती तर वीस-वीस वर्षांची ही शिकवणी संस्थेपाशीच राहिली असती.

सगळं एकदम नको. एका विभागापासून सुरू करा. बाबूंना आणि शिक्षकांना अर्धा दिवस बसवून मराठीतून शिकवा, मी स्वतः शिकवायला येतो. मुख्य खातं तुमच्याकडेच असू द्या. आमच्या पानापुरता पासवर्ड मात्र पुढच्या पीएच.डी. प्रवेशाच्या आधी आमच्या हातात पाहिजे.

आपल्याच कॉलेजातला,
एक मास्तर