साडेछप्पन फुटांचं फाटक

चाळीसगावच्या कुठल्याही नव्या कॉलनीतून चालत जा, पण नजर खाली ठेवा. रस्त्याच्या काँक्रीटवर पाव वर्तुळाच्या पांढुरक्या रेघा दिसतील. फाटकाच्या खालच्या खिट्टीने रोज घासून पाडलेल्या. खिट्टी जिथवर फिरते तिथवर मालकाचं राज्य, पुढे नगरपालिकेची हद्द सुरू.

नियम म्हणाल तर आहे. राज्याच्या 2020च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार कुंपणाचं फाटक पूर्णपणे आतच उघडलं पाहिजे, रस्त्यावर नाही. हे काही कालचं खूळ नव्हे. मुंबई महापालिकेच्या 1888च्या कायद्यातही, रस्त्यावर उघडून वाट अडवणारी तळमजल्याची दारं बदलून घ्यायला लावण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. तेव्हा व्हिक्टोरिया अडत होती, आता रिक्षा अडते.

आता जरा गणित. पाटणादेवीचा शिलालेख आपल्याच तालुक्यातला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून मठाला दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे, तेव्हा एवढा हिशोब आपल्याला यायला हरकत नाही. बारा फुटांचं फाटक, सहा-सहा फुटांचे दोन पल्ले. ‘लीलावती’तलंच बावीस सप्तमांश घ्या. दोन्ही पल्ल्यांचा घेर मिळून साडेछप्पन चौरस फूट! म्हणजे सात बाय आठची खोली झाली की. मालमत्ता कर शून्य.

फाटक बाहेर उघडतं ते काही कुणाच्या दुष्टाव्याने नाही, आत उघडायला जागाच उरत नाही म्हणून. नकाशात पुढे सोडलेली जागा असते, पण ती मंजुरीपुरती. मंजुरी आली की तिथे आधी पाण्याची टाकी, मग जिना, मग भाड्याने द्यायला शटरचं दुकान. उरलेल्या बोळात दोन मोटारसायकली. फाटक बिचारं जाणार कुठे? तरी बरं, लोखंडी फाटकं रुळावर सरकतीही करता येतात, हे गावातल्या प्रत्येक वेल्डरला ठाऊक आहे. पण गिऱ्हाईक विचारतं फक्त भाल्याच्या टोकांचं डिझाइन.

वर पाटी असतेच : ‘गेटसमोर गाडी लावू नये, अन्यथा हवा सोडण्यात येईल.’ रस्ता सरकारी, हवा गाडीवाल्याची, हुकूम मात्र यांचा. विचारायला जा, उत्तर तयार : “दार मन्हं शे ना, भाऊ!” दार तुझंच रे बाबा, घेराचं काय? गावातलं सगळ्यात नावाजलेलं दार छायाचित्रकार केकी मूस यांचं. ते म्हणे पंजाब मेलच्या वेळेला कुणाची तरी वाट पाहत उघडायचं. त्यात कुणाची हातगाडी अडकल्याचं ऐकिवात नाही.

आणि जिथे दार खरोखरच बाहेर उघडायला हवं, तिथे काय चाललंय? गर्दीच्या इमारतीतून सुटकेचं दार बाहेरच्या बाजूलाच उघडलं पाहिजे, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. आग लागली की लोक दाराला बाहेर ढकलतात, थांबून आत ओढत बसत नाहीत. आता लग्नसराईत एखाद्या मंगल कार्यालयात गेलात, तर जेवणाच्या हॉलच्या मागे जाऊन बघा. दार आहे, कुलूपही आहे, कुलपाला टेकून प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळतही आहे. किल्ली आचाऱ्याकडे असते, आणि आचारी दुसऱ्या लग्नाला गेलेला असतो.