चौथाई पाणी

नाशिकच्या रविवारचे दोन भाग असतात. पहिल्या भागात मिसळ. दुसऱ्या भागात, त्या मिसळीतून आलेल्या उत्साहाचं करायचं काय, हा प्रश्न. इंदिरानगरपासून गंगापूर रोडपर्यंत ज्या घरात माशांची टाकी आहे, तिथे या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. "आज टाकी धुऊन काढू!" कर्ता पुरुष बनियनवर येतो, बाथरूममधली बादली हॉलमध्ये येते, फरशीवर जुनी वर्तमानपत्रं पसरली जातात आणि टाकीतले मासे मुकाट्याने फिल्टरच्या मागे जाऊन उभे राहतात. त्यांना वार कळतो की नाही, देव जाणे. बादली मात्र बरोबर ओळखू येते. माशाची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते, असं सांगणाऱ्याने कधी टाकी साफ केलेली नसावी. गोल्डफिशला शिकवलेली गोष्ट कित्येक आठवडे आठवते, हे प्रयोगांतून केव्हाच दिसलेलं आहे.

मग जे होतं ते स्वच्छतेच्या नावाखाली होतं, त्यामुळे त्याला कुणी हरकत घेत नाही. मासे जाळीने पकडून पातेल्यात. सगळं पाणी मोरीत. खडे घासून, प्लास्टिकची झाडं घासून, तो तोंडातून बुडबुडे सोडणारा पाणबुड्याही घासून. वर नळाचं ताजं, थंडगार पाणी. टाकी इतकी लख्ख होते की मासे पाण्यात आहेत की हवेत, ते कळू नये. शेजारचे येऊन कौतुक करून जातात. आणि सोमवारी सकाळी एक मासा आडवा.

तो काळा असला तर घरात फारसा शोकही होत नाही. फेंगशुईवाल्यांनी आठ सोनेरी आणि एक काळा असा हिशेब घालून दिलेला आहे; काळ्याने घरावरचं संकट स्वतःवर घ्यायचं, अशी त्याची नेमणूक. "गेला बिचारा, आपल्यावरचं घेऊन गेला," असं म्हणून आजी हात जोडते. संकट आलं कुठून, हे कुणी विचारत नाही. संकट बनियनवर होतं.

गंमत अशी की, मासे ज्याला घर म्हणत असतील, ते आपण मळ समजून मोरीत सोडलेलं असतं. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो त्यांना विषारी. टाकीतले काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य. थोडं साठलं तरी मासे ते निभावून नेतात. ही सगळी मंडळी राहतात फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि तळाच्या खड्यांवर. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला महिना-दीड महिना लागतो. आपण स्पंज नळाखाली धरून दोन मिनिटांत खसाखसा पिळतो, की ती वसाहत उठली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो तोच मुळी जंतू मारायला. कामाचे आणि बिनकामाचे अशी निवड त्याला जमत नाही. म्हणून स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या जुन्या पाण्यात, आणि तोही हलक्या हाताने. साबणाला त्या खोलीत प्रवेश नाही. मिसळीची तर्री लागलेल्या बोटांनाही नाही.

पाणी किती बदलायचं? आठवड्याला साधारण चौथा हिस्सा. मराठी माणसाला चौथाईचा हिशेब नवा असू नये. चौथाई वसूल करायची ती मुलूख नांदता ठेवून. सगळं एकदम लुटलं, तर पुढच्या वर्षी जायचं कुठे?

आणि नवं पाणी भरायचं ते सावकाश. याबाबतीत नाशिककराला तर शिकवणीची गरजच नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की सगळं गाव एकमेकांना एकच प्रश्न विचारतं, "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, असा गोदावरीचा पूर आम्ही मारुतीच्या अंगावर मोजतो. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी पाहिला, त्यांना पाणी टप्प्याटप्प्याने सोडणं म्हणजे काय आणि एकदम येणं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. तोच माणूस घरी मात्र पंधरा लिटरची बादली एका दमात टाकीत उपडी करतो. तळाचे खडे उडतात, गाळ वर येतो आणि मासे पूरग्रस्त होतात. पाणी आत ठेवलेल्या बशीवर किंवा स्वतःच्या तळहातावर सोडावं. खाली फारशी खळबळ होत नाही.

पाणीही आदल्या दिवशी भरून उघडं ठेवलेलं बरं. साधा क्लोरीन चोवीस तासांत उडून जातो. एवढा धीर नसेल, तर दुकानात क्लोरीन मारणारे थेंब मिळतात. त्यातलं सोडियम थायोसल्फेट ते काम लगेच करतं. हिवाळ्यात मात्र बाल्कनीत ठेवलेली बादली सकाळी तशीच ओतू नये. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो आणि टाकीत हीटर लावून पंचवीस अंश राखलेले असतात. गोल्डफिश मूळचा थंडी सोसणारा, तो कुरकुर करत निभावेल. गप्पी, मोली, एंजल ही उष्ण प्रदेशातली मंडळी. एकदम गारठली की त्यांच्या अंगावर मिठाचे दाणे पडावेत तसे पांढरे ठिपके उमटायची भीती. तेव्हा बादलीत थोडं कोमट पाणी मिसळून थर्मामीटर बघावा, मग ओतावं.

आता राहिलं ते त्यांचं घाबरणं. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे अंधारात फटकन लागलेल्या दिव्याकडे डोळे मिटून घेण्याची सोय त्याला नाही. टाकीचा दिवा आधी बंद करावा, पडदा ओढावा. त्याच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदनशील रेघ असते. पाण्यातली बारीकशी थरथरही तिला कळते. शिवाय आवाज पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. म्हणजे नातू काचेवर टकटक करून "हॅलो" म्हणतो, तेव्हा आत काय होत असेल, ते ढोल-ताशाच्या पथकाशेजारी राहणाऱ्यांना विचारावं. चौथाईच बदलायची, तर मासे बाहेर काढायचं कारणच उरत नाही. जाळी खुंटीला राहू द्यावी. हीटर मात्र आठवणीने आधी बंद करावा. पाणी उतरून उघडा पडलेला तापता हीटर तडकतो. मग नळी सोडावी आणि तळाचा गाळ ओढून घ्यावा. नळी तोंडाने ओढणाऱ्यांना टाकीच्या पाण्याची चव ठाऊक असतेच. पुढच्या वेळी ते पंप विकत घेतात.

इतके लाड कशाला, असंही कुणी म्हणेल. डास वाढले की हिवताप विभागाची माणसं साठलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडून जातात आणि ते तिथे मजेत पोरं वाढवतात, हे खरं आहे. पण त्या डबक्याला दर रविवारी कुणी घासत नाही.

तेव्हा पुढची काच पुसावी, मागच्या काचेवरचं थोडं शेवाळ राहू द्यावं. पाहुण्यांना ते खटकतं, मोली ते चवीने खातात, आणि त्या टाकीत पाहुणे राहत नाहीत.