मालकी आणि वहिवाट

इंग्रजी अमदानीचे गोडवे गाताना आमचे वृद्ध स्नेही तिच्या चोख कारभाराचा दाखला हटकून देतात, आणि वऱ्हाडातील केळापूर तालुक्याचा पूर्ववृत्तान्त पाहता त्यांचे म्हणणे खोडून काढण्याची आमची छाती होत नाही. 1853 साली कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाचा वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, तो तारण म्हणून. 1902 साली लॉर्ड कर्झनने तोच सालिना 25 लक्ष रुपयांच्या कायम पट्ट्याने घेतला आणि पुढच्याच वर्षी नागपूरच्या मध्यप्रांताला जोडून दिला. सार्वभौमत्व मात्र कागदोपत्री हैदराबादेतच राहिले. गहाणाचा कायमपट्टा करून घेण्याची ही किमया आमच्याकडील एखाद्या सावकाराने केली असती, तर त्याच्यावर फिर्याद गुदरता आली असती. येथे फिर्याद ऐकणारा न्यायाधीशही पट्टेदाराचाच होता. 1936 साली निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब बहाल झाला. युवराजाला प्रांताचे नाव मिळाले. प्रांताचा कापूस कोठे जात होता हे सांगावयास नको.

रयतेच्या वाट्याला आली ती मोजणी. साखळी फिरली, सर्व्हे नंबर पडले, वावराची प्रत आण्यांत ठरली, आणि पिकाचीही. पटवाऱ्याने दप्तर काखेत धरून धुऱ्यावर उभे राहावे, चपलेला काळी माती लागू न देता कपाशीकडे एकवार पाहावे, ‘आठ आणे’ असा शेरा मारावा, आणि त्या शेऱ्यावर अवघ्या गावाची तहकुबी लटकत राहावी, असा हा शास्त्रशुद्ध प्रकार होता. साम्राज्य गेले, 1957 साली दशमान नाणी आली आणि आणाही यथावकाश गेला, आणेवारी तेवढी पैसेवारी हे नवे नाव धारण करून चिरंजीव झाली. पीक 50 पैशांच्या आत की बाहेर, याचा आकडा लागेपर्यंत वाळलेल्या कपाशीला आपण वाळलो असे म्हणण्याचा अधिकार नसे. बोंडे वावरात गळत. दुष्काळ पडे तो कचेरीत.

या कामी ज्यांना दाद मागावयाची असेल त्यांच्या माहितीसाठी: केळापूर तालुक्याची कचेरी केळापुरात नाही, ती फार पूर्वीपासून पांढरकवड्यास आहे. अर्जाला तिकीट लावून तिकडचीच एस. टी. धरावी.