मुक्काम पोस्ट भेस्तान
नवापूरच्या फलाटावर जे बाकडे अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, त्याच्या बरोबर मध्यावर बसून अमळनेरहून बांधून आणलेली भाकरी मी सोडली, तेव्हा परप्रांतात जाणे म्हणजे बैठक चार बोटे पलीकडे सरकवणे, अशी माझी प्रामाणिक समजूत झाली; ती पुढे सुरतेनजीक भेस्तान मुक्कामी, भाड्याच्या दोन खोल्यांत, महिनाभरात पार लयास गेली.

कारण, गॅससाठी रहिवासाचा दाखला हवा, दाखल्यासाठी लाइटबिल हवे, आणि लाइटबिल घरमालकाच्या कैलासवासी तीर्थरूपांच्या नावे, आणि ते नाव कमी करण्यास त्या पितृभक्ताचे मन धजेना. ज्या कचेरीत (नाव घेत नाही, अर्ज अद्याप तिच्याच दप्तरी आहे) मी चार सोमवार खेटे घातले, तेथील वयोवृद्ध कारकून अत्यंत सौजन्याने पंख्याखालची खुर्ची देऊन एकच पृच्छा करीत, “रहेठाणनो पुरावो लाव्या?” मी समक्ष उभा आहे, भेस्तानचे पाणी पितो, पांडेसऱ्याच्या रंगाईच्या गिरण्यांचा दर्प उशाशी घेऊन निजतो, हा पुरावा त्यांच्या लेखी ग्राह्य नव्हता.

समाधानासाठी मी इतिहासाकडे वळलो. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो 1615 साली सुरतेस उतरला, तेव्हा सामानाच्या झडतीवरून अंमलदारांशी त्याचाही तंटा झाला, आणि पुढे जहांगीर बादशहाच्या छावणीमागे तो सुमारे तीन वर्षे हिंडला, तरी मनाजोगता तहनामा काही हाती लागला नाही. मला तर चारच सोमवार झाले होते.

एका रविवारी कतारगाम दरवाजाकडील फिरंग्यांच्या कबरी पाहिल्या, आणि या शहरात पक्का पत्ता कसा मिळवावा याचा उलगडा झाला. इंग्रजांनी आपल्या ऑक्झेंडन बंधूंसाठी दुमजली घुमटी वास्तू उभारली, तर वलंदेजांनी ईर्ष्येने त्यांच्या व्हान रीडसाठी स्तंभ, सज्जा आणि घुमट यांचा थाट मांडला. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा हा सद्गृहस्थ 1691 साली कोचीनहून सुरतेस येताना जहाजावरच निवर्तला. म्हणजे त्या खेपेस तो जिवंतपणी येथे पोहोचलाच नाही, तरी तीन शतके ठाण मांडून आहे, तेही लाइटबिलावाचून!

परतताना मोगलसराई लागली. शाहजहानच्या अमदानीत, 1644 च्या सुमारास, यात्रेकरूंनी दोन रात्री टेकून पुढे जावे म्हणून बांधलेल्या त्या सराईत आज महानगरपालिकेचे मुख्यालय आहे; साऱ्या शहराची घरे जिच्या वहीत मांडलेली, ती स्वतः मुसाफिरखान्यात उतरलेली पाहून मला तिच्याविषयी भाऊबंदकीचा नव्हे, पण शेजारधर्माचा जिव्हाळा वाटला.

पाचव्या सोमवारी हे सर्व मी कारकूनसाहेबांस निवेदन केले. त्यांनी चहा मागवला, शेवटपर्यंत ऐकले, अर्जावरचे माझे आडनाव चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचले, आणि म्हणाले, “भाऊ, तमारा लोको तो 1664 मां ने 1670 मां, बे वार आवी गया. त्यारे कोईए पुरावो माग्यो हतो?”

एवढे बोलून त्यांनी अर्जावर ‘पुरावो जोडवो’ असा शेरा मारला.