पोट्टं चाललं इंग्रजी शिकवाले

इंग्रजी शिकवायला परदेशी जायचं तर सगळ्यात कमी लागतं ते इंग्रजी. पासपोर्ट लागतो, पोलिसांचा दाखला लागतो, पदवीवर शिक्के लागतात, इंग्रजी शिकवण्याचं एकशेवीस तासांचं प्रमाणपत्र लागतं, व्हिडिओ मुलाखतीसाठी मागे पांढरी भिंत लागते, आणि जमल्यास गोरा चेहरा. शेवटची वस्तू सोडून बाकी सगळं आमच्या यवतमाळ जिल्ह्यातली काही पोट्टी मोठ्या जिद्दीनं गोळा करून राहिली आहेत. दारव्ह्याचा एक, पुसदचा एक, वणीची एक पोरगी. कोणी थायलंड म्हणतो, कोणी व्हिएतनाम.

"इथं काय वाईट होतं बे?" असं विचारणाऱ्या काकांसाठी थोडा हिशेब. शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी डिसेंबर 2017 मध्ये झाली, त्यानंतरची थेट 2023 मध्ये. त्याआधी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावी लागते. त्या टीईटीच्या घोटाळ्यात 2021 मध्ये परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली, म्हणजे अभ्यास नेमका कशाचा करायचा हा पोरांपुढचा प्रश्न रास्त होता. एवढं करून लागलाच नंबर, तर तीन वर्षं शिक्षणसेवक आणि प्राथमिकला मानधन 16,000. हेही 2023 मध्ये वाढलेलं. आधी ते 6,000 होतं. खासगी संस्थेत जावं तर मुलाखतीला विषय विचारत नाहीत, आकडा विचारतात. कॉलेजात जावं तर तासिका तत्त्व: तास झाला तर पैसे, दिवाळीची सुटी लागली तर उपास. मग पोरगं व्हिएतनामले नाही जाईल तर काय चंद्रावर जाईल?

तर तयारी. पहिला धक्का जाहिरातीतच बसतो: 'नेटिव्ह स्पीकर हवेत'. म्हणजे आईच्या पोटातून इंग्रजी घेऊन आलेले. दक्षिण कोरियानं तर देशच ठरवून टाकलेत: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. सात. भारतासाठी 2010 च्या आर्थिक करारानं एक फट ठेवली, पण त्या फटीतून 'सहायक' म्हणून आत जायचं, तेही अध्यापनाची पात्रता हातात धरून. त्या सात देशांतल्या माणसाला मात्र कुठल्याही विषयाची पदवी चालते. कॅनडात मासळीशास्त्र शिकलेला 'टीचर', अमरावती विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. झालेला 'सहायक'. शेक्सपिअर कोणी वाचला हे विचारूच नका, राग येईल.

मग येते आयईएलटीएस. एम.ए. इंग्रजी, बी.एड. इंग्रजी, उत्तरपत्रिका इंग्रजीत, पण इंग्रजी येतं का हे सांगायला पुन्हा परीक्षा, तीही नागपूरला जाऊन. फी सतरा-अठरा हजारांच्या घरात, म्हणजे शिक्षणसेवकाचं एका महिन्याचं मानधन खाऊन वर भूक शिल्लक. आणि निकालाची मुदत दोन वर्षं. दोन वर्षांनी तुमचं इंग्रजी उतरतं म्हणे. ब्रिटनमध्ये जन्मलेल्याचं मात्र मरेपर्यंत ताजं.

ही परीक्षा केंब्रिजवाल्यांच्या भागीदारीतली. शिकवण्याचं भारीतलं प्रमाणपत्र, सेल्टा, तेही केंब्रिजचंच. वऱ्हाडाला हा व्यवहार नवा नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वे इंग्रज कंपनीनं बांधली ती इथला कापूस नेण्यासाठी. गाठी गेल्या, कापड आलं, दर दोन्ही वेळा तिकडंच ठरला. आता पोरगंच गाठ झालं आहे. प्रतवारी केंब्रिजला, विक्री हनोईला. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं त्या रुळांचं भाडं ब्रिटिश कंपनीला जात होतं म्हणतात ना, तसं आपल्या व्याकरणाचंही जातंच आहे.

कागदपत्रांचा भाग मोठा रसाळ. पदवीवर आधी विद्यापीठाची खातरजमा, मग राज्य सरकारचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचा. 2005 पासून भारत हेग करारात आहे, त्यामुळे करारातल्या देशांना एक अपोस्टिल पुरतं. पण आमच्या पोरांच्या नशिबी करारात नसलेला देश आला की वकिलातीचा आणखी एक शिक्का. पदवी जाड होत जाते. शेवटी तिच्यावर विषयाचं नाव शोधावं लागतं.

त्यातही खरी गंमत नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग बापाचं. तिकडच्या शाळेला वाटतं, शेवटी आहे तेच आडनाव. दारव्ह्याच्या पोराला बँकॉकहून पहिलं पत्र आलं ते बापाच्या नावानं, पुढे 'मिस्टर' लावून. पोरानं फोनवर वाचून दाखवलं. बाप कपाशीत डवरे धरून उभा होता. ज्या माणसाला तहसीलमध्ये आजवर कोणी 'बसा' म्हटलं नाही, तो थायलंडमध्ये मिस्टर झाला. "माह्यं नाव त्याइले कोनं सांगतलं?" एवढंच तो म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत गावभर सांगत सुटला. दुरुस्तीचं पत्र पाठवू नको, असंही बजावलं.

तसा इंग्रजीचा आणि आमच्या गावाचा संबंध जुना व तणावपूर्ण आहे. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं. त्या इंग्रजीत लिहितात म्हणून विरोधाची हाळी उठली, आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं. उद्घाटन अखेर शेतकरी आत्महत्येनं वैधव्य आलेल्या वैशाली येडे यांनी केलं आणि संमेलनाची लाज राखली. म्हणजे आम्ही इंग्रजी आत येऊ देत नाही. बाहेर पाठवायला मात्र आमची हरकत नाही. निर्यात धोरण म्हणतात ते हेच.

वणीच्या पोरीची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगतो. पासपोर्टची वाट पाहता पाहता तिनं 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत झरी जामणीकडच्या एका पोडावरची जिल्हा परिषद शाळा धरली. पदवीधराला महिना 10,000. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. घरात कोलामी, जी मराठीची नात्यागोत्यातली नाही, तेलुगू-कन्नडच्या कुळातली. पोरगं पहिलीत आलं की त्याला मराठी हीच परकी भाषा, आणि इंग्रजी तर पहिलीपासून आहेच, 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना सुरू झालेली. ही बाई पहिल्या दिवशी 'पाणी' म्हणाली, वर्ग ढिम्म. तिनं माठावरची वाटी काढून तोंडाला लावली. मागच्या बाकावरून आवाज आला, "ईर!" तिनं फळ्यावर वाटी काढली. खाली ईर, पाणी, वॉटर असं लिहिलं आणि तिन्ही वर्गाकडून म्हणवून घेतलं. महिनाभरात पोरं दार, खिडकी, बकरी असं तीन-तीन भाषांत ओरडत होती, आणि बाईंना कोलामी येत नाही म्हणून हसतही होती.

आता या बाईंनी पैसे भरून तो एकशेवीस तासांचा कोर्स केला. त्यात एक अख्खं प्रकरण आहे: मुलांना तुमची भाषा येत नसेल तर वस्तू दाखवा, कृती करा, हावभाव करा. बाईंनी इमानदारीनं टिपणं काढली.

एजंटाला त्यांनी पोडाचा अनुभव सांगितला. त्यानं अर्जातली ती ओळ खोडली. "मॅडम, ट्रायबल लिहू नका, इंटरनॅशनल काही असेल तर टाका." परक्या भाषेच्या मुलांना इंग्रजी शिकवलं आहे का, हा प्रश्न अर्जात पुढच्याच पानावर होता. तिथं बाईंनी 'नाही' लिहिलं.

मला विचाराल तर हनोईच्या पालकांनी कॅनडाचा मासळीवाला सोडून हीच बाई पळवून न्यावी. इंग्रजी ज्याच्या घरात आपोआप उगवलं, त्याला पोरगं कुठं अडखळतं हे काय डोंबल कळणार! 'ही गोज' मधला तो 'एस' कुठून आला, हा प्रश्न ज्याने सातवीत मार खाऊन सोडवला, त्यालाच तो दुसऱ्याला समजावता येतो. पण मार खाल्ल्याचं प्रमाणपत्र केंब्रिज देत नाही.

नोकरीत असलेल्या गुरुजींनी मात्र या भानगडीत पडू नये. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि 2022 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी अमेरिकेला जायचं म्हटल्यावर रजेच्या अर्जावरून गदारोळ झाला. शिक्षणमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं. जगात पहिला आलेल्याची ही गत, तर तुमच्या किरकोळ रजेचं काय घेऊन बसलात.

असो. दारव्ह्याच्या पोराचा व्हिसा आला. पगार आकड्यात सांगत नाही, पण इथल्या मानधनाच्या कितीतरी पट. घरच्यांनी लगेच स्थळं पाहायला घेतली, बायोडाटात 'फॉरेन' शब्द ठळक केला. आर्णीहून एक पाहुणे आले. चहा झाला, पोहे झाले, पासपोर्ट हातोहात फिरला. पोरीच्या बापानं तो उलटून-पालटून पाहिला, व्हिसाच्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं,

"ते सारं ठीक आहे जी. पन हे परमनंट कधी होनार?"