कॅशिअरकाका

पाऊस ओसरला की रविवारी पौडच्या पुढे, ताम्हिणीकडे जाताना, रस्त्याकडेच्या रुईत डोकं खुपसून ओणवे झालेले एक गृहस्थ दिसतात. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर नातवाची कार्टूनवाली टोपी. 'काका, चक्कर आली का?' म्हणून गाड्या थांबतात. काका न वळता पंजा दाखवतात. काउंटर बंद आहे, पुढच्या खिडकीवर जा!

काका बँकेतून हेड कॅशिअर म्हणून निवृत्त झाले, पण नोटा उजेडात धरणारा तो डोळा काही निवृत्त होईना. फुलपाखरांच्या नादाला ते लागले ते रंगांमुळे नव्हे. या खात्यात बनावट माल भरपूर आहे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून.

''प्लेन टायगर!'' बरोबरचा एखादा पोरगा ओरडतो.

''कशावरून?''

''केशरी आहे, काळी किनार...''

''एवढ्यावर मी दहाची नोटसुद्धा घेतली नसती. मागचा पंख बघ. मध्ये तीन-चार काळे ठिपके असले तर टायगर. वरच्या कडेला एकच असला तर डनाइड एगफ्लायची मादी. त्यानं लहानपणी रुई खाल्लेली असते, म्हणून तो पक्ष्यांना सोसत नाही. ही बया नुसता त्याचा झगा घालून मिरवते.''

पोरगा मान डोलावतो, तोवर ते उडालेलं असतं.

कॉमन मॉर्मनवर तर काकांचा खास राग. तिथली मादी तीन प्रकारची. एक सरळ नरासारखी, दुसरी कॉमन रोझची नक्कल, तिसरी क्रिमझन रोझची. दोन्ही रोझ विषारी. ''पण रोझचं अंग लाल असतं, हिचं काळं. पंख छापले, अंग छापायचं राहिलं!'' हे सांगताना काकांच्या चेहऱ्यावर चोर पकडल्याचं तेज येतं. मग अर्थशास्त्र सुरू होतं. खोटा माल खऱ्यापेक्षा थोडा असेल तोवरच खपतो. तो वाढला, की पक्षी एखादी चाखून बघतात, चव बरी लागते, आणि मग खऱ्याचीही पत जाते.

एवढ्यात निळी-काळी राणी पाकोळी डोक्यावरून जाते. सगळे मोबाइल वर. 2015 साली महाराष्ट्रानं हिला राज्य फुलपाखरू केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. काका मात्र ढिम्म. ''ती ओळखायला काय अक्कल लागते? सरकारी आहे.''

घरी, कोथरूडला, हा कारभार बाल्कनीत चालतो. लिंबाची आणि कढीपत्त्याची कुंडी काकूंनी आणली, पण त्या पानांवर आता काकूंचा हक्क नाही. कोवळ्या पानावर मोहरीएवढं पिवळसर अंडं दिसलं, की फांदीला दोरा बांधला जातो. अळी निघते ती हुबेहूब पक्ष्याची शीट. पहिल्यांदा कामवाल्या बाईंनी ती पुसून टाकली, तेव्हा काका दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. शेवटची कात टाकली की तीच अळी हिरवीगार होते, आणि डिवचलं तर मानेतून लाल शिंगं काढून उग्र वास सोडते. काकूंच्या मते एवढा स्वाभिमान घरात दुसऱ्या कुणात नाही.

कोष करायची वेळ आली की अळी झाड सोडून हिंडायला लागते. एकीनं थेट गॅस सिलिंडर गाठला आणि कमरेला रेशमी दोरा बांधून तिथेच बसली. काकूंनी आठवडाभर सिलिंडर बदलू दिला नाही. नातेवाइकांना कारण सांगितलं पाठदुखीचं. त्या कोषातून फुलपाखरू निघालंच नाही, निघाल्या त्या चिलटांएवढ्या परजीवी गांधीलमाश्या. काकांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. ''खातं एकाचं,'' ते म्हणाले, ''पैसे काढले दुसऱ्यानंच.'' रात्री दूधभातसुद्धा नको म्हणाले.

मुळशीहून परतताना काकू पौडला भाजीवालीपाशी उतरतात. घरात कढीपत्त्याचं झाड आणि हातात विकतची जुडी, हे आता त्यांच्या अंगवळणी पडलंय. परवा गाडीत बसल्याबसल्या काकांनी ती जुडी मागून घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक पान उजेडात धरलं.

''अहो, नोटा नाहीत त्या.''

''थांब गं.'' आठव्या की नवव्या पानाच्या मागे एक पिवळा ठिपका होता. काकांनी जुडी अलगद रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवली.

''म्हणजे उद्या पोह्यांना पुन्हा नुसती जिरं-मोहरीच ना?'' काकू म्हणाल्या आणि खिडकीतून भाजीवालीला हाक मारून आणखी एक जुडी मागितली. ''ही माझ्याकडे राहील. यांच्या हातात द्यायची नाही.''